मदत हवी आहे : कासच्या रस्त्यावरचं लॉज, आडवारी रिकामं

नमस्कार मंडळी. साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्यावर सहा खोल्यांचं लॉज आहे. सप्टेंबरात फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी खोली उरत नाही. सोमवार ते गुरुवार चार खोल्यांना कुलूप.

ऑनलाइन बुकिंगच्या साइटचा हिशोब असा: खोलीचं भाडं १८००, कमिशन २० टक्के म्हणजे ३६०, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी ६४.८०. उरले १३७५.२०. त्यातून चादरींची धुलाई, गिझर, नाश्ता. 'ऑफर'मध्ये भाग घेतला तर सवलतही मालकाच्याच खिशातून जाते.

दोन साइट आणि फोन, तिन्हीकडे तीच खोली विकायला असते. एकीकडे बुक झालेली तारीख दुसरीकडे बंद व्हावी म्हणून कॅलेंडरची लिंक जोडली आहे, पण ती लगेच अपडेट होत नाही आणि एकच खोली दोघांना जाऊ शकते. म्हणून शनिवारच्या दोन खोल्या फोनसाठीच राखून ठेवतो.

सहा खोल्यांना चॅनल मॅनेजरचं (सगळ्या साइटवरच्या खोल्या एकदम अपडेट करणारं सॉफ्टवेअर) मासिक भाडं परवडतं का? थेट बुकिंगला दर तोच ठेवून पिठलं-भाकरीचं जेवण मोफत दिलं, तर साइटच्या करारातली समान दराची अट (थेट बुकिंगला साइटपेक्षा स्वस्त द्यायचं नाही) मोडते का? आणि आडवारी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र सहली आणायच्या तर विभागाला कोणत्या महिन्यात भेटावं, आगाऊ रक्कम किती मागावी? अनुभव असलेल्यांनी कृपया आकड्यांसह सांगा.