सही केली की शर्यतीत उतरायचंच?

राजवाडाकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘काँकॉर्ड करार म्हणजे फॉर्म्युला वनच्या संघांची वेठबिगारी. नको असेल त्याला जाऊ द्या.’ डोकं फिरलं वाचून. अहो, फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींचे संघ, त्या चालवणारे आणि नियम करणारी संस्था यांच्यातला हा करार. 2005 ची इंडियानापोलिसची शर्यत आठवा. 20 गाड्या निघाल्या, शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीनंतरच मिशेलिन टायरच्या 14 पिटमध्ये (गाड्या दुरुस्त करतात त्या जागेत) शिरल्या आणि शर्यत 6 गाड्यांची झाली. तिकीट काढून आलेल्यांचा काय गुन्हा? संघ उतरणार हे लेखी नसेल तर आयोजक आणि टीव्हीवाले पैसा लावतील कशाला?

पलासिया_तेज: भिया, दाखला तुमच्यावरच उलटतोय. करार 1981 पासून आहे, तरी गाड्या आत गेल्याच ना? टायर फुटत होते, माणसं मारायची होती का? आणि टोयोटाच्या संघाने 2012 पर्यंतच्या करारावर सही केली, नोव्हेंबर 2009 मध्ये गाशा गुंडाळला. कागदाने काय अडवलं?

पीथमपूरचा_भाऊ: मोठा सुटतो, लहान अडकतो, हे मी रोज भोगतो. आमचं सुट्या भागांचं छोटं वर्कशॉप. माल एक दिवस उशिरा गेला की दंड आम्हाला. कंपनीने ऑर्डर अर्धी केली तर? करारात अक्षर नाही! लोनवर घेतलेलं मशीन झाकून ठेवलंय, हप्ता चालूच आहे.

पलासिया_तेज: अगदी हेच! माझ्या मामांचंही असंच झालं, शेवटी शेड विकली.

राजवाडाकर: मामा, मशीन, शेड... विषय शर्यतीचा आहे हो!

पीथमपूरचा_भाऊ: विषय कराराचाच आहे. तुमचं घर पगारावर चालतं, म्हणून करार गोड लागतो.

राजवाडाकर: माझ्या घरावर येऊ नका. फोर्स इंडिया या संघाचं बघा. 2018 मध्ये दिवाळं निघालं, नव्या मालकांचा संघ बेल्जियमच्या शर्यतीत नवा म्हणून उतरला, आधीचे 59 गुण गेले. पण बाकीच्या संघांनी संमती दिली म्हणून बक्षिसाची रक्कम टिकली आणि 400 वर लोकांच्या नोकऱ्या वाचल्या. चौकट होती म्हणून हे झालं.

सुखलियाची_लेक: म्हणजे लहान संघाचं नशीब त्याच्याच प्रतिस्पर्ध्यांच्या संमतीवर! याला संरक्षण म्हणता तुम्ही?

राजवाडाकर: बरं, दंड दोन्ही बाजूंना हवा, एवढं मान्य. भाऊंच्या कंपनीलाही. पण बांधिलकी हवीच.

पीथमपूरचा_भाऊ: मग काँकॉर्डची कलमं गुप्त का ठेवतात? दंड कुणाला किती, ते आधी छापा. मग बोलू बांधिलकीवर.