मदत हवी आहे: येर्स्ताद यांच्या खापरांचा तक्ता

मंडळी, स्वीडिश पुरातत्त्वज्ञ आयनार येर्स्ताद यांच्यावरची मराठी नोंद एका जागी अडली आहे. १९२७-३१ ची सायप्रस मोहीम, तिथल्या आया इरिनी गावच्या देवस्थानात वेदीभोवती अर्धवर्तुळात उभ्या सुमारे २,००० मातीच्या मूर्ती (काही वीतभर, काही माणसाएवढ्या!), स्वीडनच्या लुंड विद्यापीठातलं प्राध्यापकपद, हे सगळं लिहून झालं. प्रश्न खापरांचा, म्हणजे त्यांनी सायप्रसच्या प्राचीन भांड्यांची जी वर्गवारी केली तिचा. फिकट अंगावर गडद नक्षी म्हणजे ‘व्हाइट पेंटेड’. तांबडा रंग जोडला की ‘बायक्रोम’. दोन्हींचे प्रकार १ ते ७, जुन्याकडून नव्याकडे. प्रकार म्हणजेच काळ असं धरलं की गफलत होते, कारण लागोपाठचे प्रकार एकाच थडग्यात मिळतात. येर्स्ताद त्यांचं आपसातलं प्रमाण पाहून काळ ठरवत; सुट्या खापरावरून ते जमत नाही. ही सरमिसळ तक्त्यात कशी दाखवावी? आणि भाजण्याआधी भांड्याला देतात त्या पातळ मातीच्या हाताला ‘लेप’ म्हणावं की ‘पोतेरा’?