'नॉट इन' लावलं की एकही ओळ येत नाही

ग्रंथपाल_ताई
आमच्या वाचनालयाची देवघेव आता पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. 2025 मध्ये एकही पुस्तक न नेलेल्या सभासदांना मला फोन करायचेत. वर्गणी भरूनही माणसं येत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. क्वेरी अशी:

सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद
व्हेअर क्रमांक नॉट इन
(सिलेक्ट सभासद_क्र फ्रॉम देवघेव
व्हेअर वर्ष = 2025);

एरर नाही, पण ओळी शून्य. 'नॉट' काढला की पुस्तकं नेणाऱ्यांची यादी बरोबर येते, आणि तीत निम्मे सभासदही नाहीत. मग बाकीचे गेले कुठे?

जुना_डीबीए
ताई, देवघेवमध्ये सभासद_क्र रिकामा असलेल्या नोंदी आहेत का? 'इज नल' लावून बघा.

ग्रंथपाल_ताई
आहेत की! पुस्तक बांधणीला गेलं की त्याची नोंदही तिथेच होते, सभासद क्रमांक मोकळा सोडून.

जुना_डीबीए
मग तेच कारण. नल म्हणजे शून्य नव्हे, 'माहीत नाही'. सभासद 7 साठी तुमचं 'नॉट इन' असं तपासलं जातं (<> म्हणजे 'समान नाही'): 7 <> 12 आणि 7 <> 31 आणि 7 <> नल. शेवटच्या तुलनेचं उत्तर खरंही नाही, खोटंही नाही, अज्ञात. 'आणि'ने जोडलेल्यात एक जरी अज्ञात असलं तरी सगळं मिळून खरं ठरत नाही, आणि व्हेअर फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी ठेवतो. 'इन'मध्ये मात्र 'किंवा' असतं, एक जुळलं की काम झालं. म्हणून ती यादी बरोबर आली.

असं लिहा, यात जुळणारी नोंद आहे का एवढंच बघितलं जातं, त्यामुळे नल आड येत नाही:

सिलेक्ट स.नाव फ्रॉम सभासद स
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स
(सिलेक्ट 1 फ्रॉम देवघेव द
व्हेअर द.सभासद_क्र = स.क्रमांक
अँड द.वर्ष = 2025);

रात्रपाळी_डेव्ह
मूळ सबक्वेरीत (कंसातल्या आतल्या क्वेरीत) 'अँड सभासद_क्र इज नॉट नल' जोडलं तरी भागेल ना?

जुना_डीबीए
भागेल, पण ती अट प्रत्येक क्वेरीत आठवणीने लिहावी लागेल. माझं मत नॉट एक्झिस्ट्सलाच. आणि ताई, शेरा <> 'बांधणी' असं कुठे लिहिलं असेल तर तेही तपासा. शेरा नल असलेल्या ओळी त्यातून गुपचूप गळतात. तिथे 'शेरा इज डिस्टिंक्ट फ्रॉम 'बांधणी'' लिहा.

ग्रंथपाल_ताई
यादी आली, मनापासून आभार! बरीचशी नावं बालविभागातली आहेत, त्यांच्या पालकांना संध्याकाळी फोन करते. बांधणीसाठी वेगळं टेबल करून त्या नोंदी तिकडे हलवते, मग देवघेवच्या सभासद_क्र वर 'नॉट नल'ची अट घालता येईल.