प्रभुभोजनात शेवटच्या बाकाची वाट पाहणे

प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या ख्रिस्ती विधीत, वेळ वाचावा म्हणून भाकर आणि प्याला एकाच फेरीत वाटावेत, अशी एक सूचना आहे; मोठ्या मंडळीपुरती (चर्चच्या समुदायापुरती) ती मला मान्य आहे; मात्र वाचलेली मिनिटे उपदेश लांबवण्यात न घालवता शांततेला द्यावीत, असे मनापासून वाटते. बाप्तिस्त या प्रोटेस्टंट ख्रिस्ती परंपरेत हा विधी एकट्या पाळकाचा नसून सबंध मंडळीचा आहे, आणि म्हणूनच करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात पौल ‘एकमेकांची वाट पाहा’ असे जे सांगतो, ते वाटप करतानाही अक्षरशः पाळायला हवे.

आमच्याकडे एका रविवारी तबक मागच्या बाकापर्यंत पोहोचण्याआधीच पाळकांनी प्रार्थना सुरू केली आणि एक वयस्कर मावशी थरथरत्या हातात द्राक्षरसाचा इवलासा पेला धरून, घ्यावा की नाही अशा संभ्रमात तशाच बसून राहिल्या. तेव्हापासून शेवटच्या बाकाजवळचे डीकन (मंडळीतले नेमलेले सेवक) उभे राहून खूण करतात, मगच पाळक वचन वाचतात आणि सर्वजण एकदम घेतात. आणखी एक : बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) न झालेल्यांनी तबक नुसते पुढे द्यावे, हे वाटपाआधीच एका वाक्यात प्रेमाने सांगितले, तर नवख्या पाहुण्याला अवघडल्यासारखे होत नाही.