'गुन्हेगारी न्याय' की 'फौजदारी न्याय'?

अनुस्वार: मुंबईत क्रिमिनॉलॉजी घेऊन एम.ए. करतेय. प्रबंध इंग्रजीत आहे, विषय कच्चे कैदी (ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही) आणि मोफत वकील. सोबत दोन पानी मराठी गोषवारा जोडायचाय. 'क्रिमिनल जस्टिस सिस्टिम'साठी मी 'फौजदारी न्यायव्यवस्था' लिहिलं होतं, मार्गदर्शकांनी लाल शाईने 'गुन्हेगारी न्यायव्यवस्था' केलं. मला ते वाचताना गुन्हेगारांनी चालवलेली व्यवस्था वाटते. पेपरात दोन्ही छापून येतं. सोमवारी द्यायचाय, काय ठेवू?

कोर्टपक्षी: फौजदारीच ठेवा, ताई. उभी नोकरी तालुका कोर्टात शिरस्तेदारी केली. दिवाणीत दावा, वादी-प्रतिवादी. फौजदारीत खटला, फिर्यादी-आरोपी. 'गुन्हेगारी कोर्ट' कुणी म्हटलेलं ऐकलंय का? गुन्हेगारी वाढते, गुन्हेगारी टोळी असते, न्याय गुन्हेगारी नसतो.

शुद्धमती: पण फौजदारी हा शब्द आला कुठून? फौज बाळगणारा तो फौजदार, मोगलांचा लष्करी अंमलदार. लोकशाहीतल्या न्यायाला फौजेचं नाव कशाला? आपल्याकडे 'दंडनीती' हा कौटिल्यापासूनचा शब्द आहे. 'दंडन्याय' करा. सुटसुटीत आणि आपला.

घाटावरचा: गुन्हासुद्धा फारसीच की हो. वकील, जामीन, फिर्याद, कैद, पंचनाम्यातला नामा, सगळे बाहेरचे. हे हाकलले तर कोर्टात न्यायाधीश आणि पंखा एवढेच उरतील. बाकी आमच्या गावाकडे 'रात्री फौजदारी झाली' म्हणजे डोकी फुटली.

शुद्धमती: चेष्टा सोपी असते. 'दंडन्याय' कुठे अडतो ते सांगा.

घाटावरचा: 'दंड भरला' म्हटलं की लोकांना पावती आठवते. हेल्मेट नव्हतं, पाचशेची फाडली.

अनुस्वार: कायद्यांच्या नावातूनही आधार मिळेना. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता. एकातून 'दंड' गेला, दुसऱ्यातून 'फौजदारी'. पुरावा अधिनियमाचा साक्ष्य अधिनियम झाला.

कोर्टपक्षी: 'साक्ष्य' ही हिंदी. मराठीत साक्ष देतात आणि पुरावा देतात, साक्ष्य कुणी देत नाही. आणि फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे, म्हणून कुणाला 'तीनशेअठरा माणूस आहे' म्हणताना ऐकलंत? चारशेवीस तो चारशेवीसच.

मिशिगनकर मावशी: इकडे पदवीचंच नाव क्रिमिनल जस्टिस असतं. न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज १९६४ मध्ये पोलिसांना शिकवायला निघालं, तेव्हा नाव होतं 'कॉलेज ऑफ पोलीस सायन्स'. क्रिमिनल जस्टिस हे नाव दोन-तीन वर्षांत आलं. १९६७ च्या सरकारी आयोगाच्या अहवालानंतर पोलिस, कोर्ट आणि तुरुंग ही एकच साखळी म्हणून शिकवायची पद्धत पक्की झाली. मला वाटतं अडचण तिथेच आहे. 'फौजदारी' म्हटलं की कोर्ट डोळ्यांपुढे येतं. तुरुंग, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं ठेवणं), सुटून आलेल्या माणसाला खोली कोण भाड्याने देणार, हे कुठे येतं त्यात? अनुस्वार, तुझा विषय तर कच्च्या कैद्यांचा.

अनुस्वार: हो ना. देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन न्यायाधीनच. नव्या कायद्याच्या ४७९ कलमाने पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेची वाट आहे, मोठे गुन्हे सोडून. माझा प्रबंध त्यावरच आहे. पण मावशी, शब्द कोणता?

सोलापुरी: शब्द कोणताही घ्या, 'गुन्हेगारी' हे विशेषण नको. माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढली. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच्या जमाती 'गुन्हेगार' म्हणून नोंदल्या. तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायचं तर पास. पाळण्यातलं पोरसुद्धा त्यात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, आम्ही विमुक्त झालो, पण 'सेटलमेंट' हे नाव अजून रिक्षावाल्याला सांगावं लागतं. घरात कुणी 'गुन्हेगारी' म्हटलं की आजी पदर सावरून उठून जायची. तुमच्या मार्गदर्शकांना हे नुसतं व्याकरण वाटत असेल.

शुद्धमती: याबद्दल आदर आहे. पण मग 'गुन्हेगारीशास्त्र' काय म्हणायचं? 'गुन्हेशास्त्र'?

सोलापुरी: 'गुन्हेशास्त्र' चालेल. त्यात माणसाला चिकटलेलं काही नाही.

जुनी बॅच: शब्दांनी तुरुंगात काय होतं ते सांगते. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना फील्डवर्कसाठी कारागृहात नेते. एका पोराने बराकीपुढे उभं राहून सांगितलं, 'मला तुमची मुलाखत घ्यायची आहे.' समोरच्या माणसाने घाईघाईने सदऱ्याची बटणं लावली, केसांवरून ओला हात फिरवला आणि गेटकडे निघाला. आत 'मुलाखत' म्हणजे घरचं माणूस भेटायला येणं. त्याचं बऱ्याच महिन्यांत कुणी आलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही 'बोलायचंय' एवढंच म्हणतो. कागदावर तो 'न्यायाधीन बंदी', शिक्षा लागली की 'सिद्धदोष बंदी'. बोलताना कच्चा आणि पक्का.

घाटावरचा: कच्चा-पक्का झकास आहे. पावतीसारखं.

जुनी बॅच: पॅरोलला आमच्याकडे 'अभिवचन रजा' म्हणतात, फर्लोला 'संचित रजा'. कैदी मात्र 'फरलोवर जाऊन आलो' असंच सांगतात.

शुद्धमती: पाहा! पॅरोल हा मूळ फ्रेंच, अर्थ 'शब्द', दिलेलं वचन. परत येईन असा शब्द देऊन जायचं, म्हणून अभिवचन. इतका नेमका शब्द असताना 'पॅरोल' का म्हणावं?

घाटावरचा: कारण आईच्या आजारपणाचा अर्ज लिहिताना कैद्याला 'अभिवचन' सुचत नाही. त्याच्या वकिलालाही नाही.

मिशिगनकर मावशी: आणि अर्थही पूर्ण कुठे बसतो? इकडे पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला भाग बाहेर देखरेखीखाली काढायचा. तिकडे आजारपण, लग्न, मयत यांसाठी थोड्या दिवसांची सुटी. शब्द एक, गोष्टी दोन.

कोर्टपक्षी: 'संचित रजा' हा मात्र फसवा. सरकारी नोकराला वाटेल साठलेली रजा.

जुनी बॅच: तशीच आहे ती, काका. ठरावीक शिक्षा भोगली की मागता येते, कारण द्यावं लागत नाही. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत.

कोर्टपक्षी: साठलेली वेगळी, कमावलेली वेगळी. आमच्याकडे ती 'अर्जित रजा'. निवृत्त होताना तिचे पैसे मिळतात.

घाटावरचा: काका, कैद्याने न घेतलेल्या फर्लोचं रोखीकरण मागितलं तर?

अनुस्वार: अहो, सोमवार!

कोर्टपक्षी: रोखीकरण अर्जित रजेचं होतं, आणि त्यालाही तीनशे दिवसांची मर्यादा आहे.