पीएचडीला परदेशी जाणाऱ्यांकडून बाँड घ्यावा का?

दर्यावर्दी: सरकारी खर्चाने दापोलीच्या कृषी विद्यापीठात नाहीतर शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकायचं आणि पीएचडीला जर्मनी गाठायची. कोकणाने यांना घडवायचं कशाला? परतून पाच वर्षं इथेच काम करण्याचा बाँड घ्या.

खाडीकाठ: बाँड घ्याल, पण माणूस ठेवाल कुठे? प्राध्यापकांच्या कायम जागा रिकाम्या, वर्ग तासिका तत्त्वावर, सुट्टीचे महिने बिनपगारी. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्याची फेलोशिप, महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. यूजीसीची असेल तर तीही संस्थेने दर महिन्याला कॅनरा बँकेच्या पोर्टलवर कन्फर्म केली तरच. माहिती भरणाऱ्या 'मेकर'ने भरलं आणि ती मंजूर करणारा 'चेकर' रजेवर, की पैसे लटकले. जर्मनीत बहुतेक ठिकाणी पीएचडी म्हणजे रीतसर नोकरी, विमा आणि पेन्शनसकट.

दर्यावर्दी: पैशाचं रडगाणं पुरे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ साली नीलम-हापूस संकरातून साका (गर आतून खराब होण्याचा दोष) न येणारी 'रत्ना' ही आंब्याची जात इथेच काढली.

कलमवाला: रत्नाचा अभिमान आहेच, पण बाजार हापूसच मागतो. त्यातला साका आजही चौदा आण्याला, म्हणजे फळ पूर्ण तयार व्हायच्या थोडं आधी, काढणी करूनच आवरावा लागतो. झाडावर जास्त राहिला की कोयीजवळचा गर फिका, स्पंजासारखा. साल नितळ, कापेपर्यंत पत्ता लागत नाही.

खाडीकाठ: त्याच्या मुळाशी जायचं तर वाढत्या फळातला आरएनए (कोणती जनुकं काम करताहेत ते दाखवणारा रेणू) हवा, तो ठेवायचा उणे ८० अंशांत. पहिल्या पावसात विजेचा फीडर गेला, जनरेटरने दगा दिला, की नमुने वितळतात आणि आरएनए तुटतो. पुढचं फळ थेट वर्षाने! मुंबईहून निघालेल्या एन्झाइमचं पार्सल वाटेत अडकलं की कोरडा बर्फ उडून जातो. पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांना बुरशी धरते ती वेगळीच.

मिऱ्याबंदर: म्हणूनच २०१७ मध्ये 'वज्र' योजना आणली ना? परदेशातले शास्त्रज्ञ येऊन इथे काम करतात.

कलमवाला: वर्षाला एक ते तीन महिने! हापूसचा मोहोर डिसेंबर-जानेवारीत, काढणी एप्रिल-मेमध्ये. मोहोर बघणारा फळ यायच्या आत विमानात बसलेला असतो.

तात्या मालवणकर: बाबांनू, धागो आंब्यात गेलो. मूळ प्रश्न जागांचो आसा.

दर्यावर्दी: ठीक, आधी जागा भरा, एवढं मान्य. पण पगारी अभ्यासरजेवर जाणाऱ्या प्राध्यापकांना तरी बाँड हवाच.

खाडीकाठ: अहो, तो आहेच. परतल्यावर किमान तीन वर्षं सेवा, नाहीतर रजेचा पगार वसूल. तुम्ही मागताय तो विद्यार्थ्यांवर, ज्यांना अजून नोकरीच दिलेली नाही.