घरी केलेलं फोमचं विमान स्थिर उडत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या सुट्टीत 5 मिमी डेप्रॉनचं (हलक्या फोमच्या पत्र्याचं) रिमोटवरचं विमान केलंय. पंख वर बसवलेला, सरळ, 1 मीटर लांब, 18 सेमी रुंद. मोटर 2212, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) 30 अँपिअरचा, 9 ग्रॅमवाले चार सर्व्हो (पंखांच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), बॅटरी 3एस (तीन सेलची) 2200 एमएएच. सामान लॅमिंग्टन रोडचं, अक्कल घरची. उडायला तयार वजन 750 ग्रॅम.

मुंबईत विमानतळ आणि परवानग्यांचा व्याप, त्यामुळे मुलुंडहून पहाटेची लोकल धरून बदलापूरला मामाच्या शेतावर जातो. भात कापून झालाय, पडलं तरी पेंढ्यावर पडतं. आजवर अकरा वेळा पडलंय.

हातातून सोडलं की नाक वर काढतं. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) जरासा खाली दिला की सूर मारतं, सावरायला गेलो की पुन्हा उभं. ट्रिम (सरळ उडण्यासाठीची बारीक जुळणी) एका फेरीला जमला असं वाटतं, पुढच्या फेरीला बिघडलेला. थ्रॉटल (मोटरचा जोर) वाढवला की डावीकडे कलतं. सकाळी सातला, वारा नसताना हे सगळं. मामा बांधावरून म्हणतो, पतंग बरा होता रे.

शेपटीचा आडवा पंख 30 बाय 7 सेमी. सीजी, म्हणजे विमान ज्यावर तोललं जातं तो बिंदू, पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेसहा सेमीवर आहे. पहिल्या दिवशी पाचवर होता, पेनाची खूण अजून आहे. जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं यंत्र) घेऊ का? घरी आणखी खर्च सांगायची हिंमत नाही, पण विचारतो.

प्रतिसाद १:
जायरो राहू दे. सीजी मागे कसा सरकला ते आधी शोध. शेपूट किती वेळा चिकटवलीस?

धागाकर्ता:
जवळजवळ दर वेळी, ग्लू गनने. तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता सगळा गोंद सोलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. 21 ग्रॅम!

प्रतिसाद १:
मग कोडं सुटलं. शेपूट सीजीपासून साधारण 53 सेमी लांब धर. 21 गुणिले 53, भागिले 750, म्हणजे दीड सेमी. तुझी खूण तेवढीच सरकली आहे. नाकाकडे गोंदाचे गोळे चालले असते, शेपटीकडचा एकेक ग्रॅम महाग पडतो.

शेपटीचा आडवा पंख नवा काप, 36 बाय 10. पंखाच्या क्षेत्रफळाच्या 20 टक्के होतो. तुझा जेमतेम 12 आहे, त्यामुळे मागे गेलेला सीजी त्याला सांभाळता येत नाही. सीजी साडेचार ते पाचमध्ये ठेव, तोही बॅटरी आत बसवून मोज. कमी पडलं तर बॅटरीच पुढे सरकव, नाकात शिशाचं वजन नंतर. डावीकडे कलणं मोटरच्या पिळामुळे. मोटरचं तोंड दोन-तीन अंश उजवीकडे आणि तेवढंच खाली कर.

प्रतिसाद २:
पंखाची टोकं तीन-तीन सेमी उचल, कललं तर आपोआप सावरायला मदत होते. एलेव्हेटरला 30 टक्के एक्स्पो दे, म्हणजे काडी मधोमध असताना हलकाच हलेल. आणि थ्रॉटल न देता आधी नुसतं हातातून सोडून बघ, तिथेच अर्धं कळतं.

धागाकर्ता:
शेपूट कापून झाली, या वेळी फोमचाच गोंद, तोही पातळ. एक बावळट शंका: मोटर उजवीकडे म्हणजे नाकासमोर उभं राहून बघितलं तर डावीकडे ना?

प्रतिसाद १:
हो. पायलट आत बसला असता तर त्याची उजवी.